लाल गाडीची दोन नाकं

गाडीला पापण्या असतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पुणे-नाशिक रस्त्यावर पेठला आमचं गॅरेज आणि गॅरेजच्या पाठीमागं दोन खोल्यांचं घर, त्यामुळं आमच्याकडं सकाळ व्हायची ती इंजिनांच्या आवाजानं आणि जेवणं व्हायची ती डिझेलच्या वासात. आवाजावरून गाडी ओळखणं हा आमच्या घरातला सगळ्यांचाच खेळ होता. आईसुद्धा तव्यावरची भाकरी उलटता उलटता, बाहेर न बघता सांगायची, "नारायणगावची यष्टी आली, स्प्रिंगचा पाटा तुटलाय तिचा." आणि पाटा खरंच तुटलेला असायचा. पण त्या दिवशी घाटाकडून जो आवाज आला तो कुणालाच ओळखू येईना. जडही नाही, हलकाही नाही. मधेच गोड गुरगुरायचा आणि मधेच ठसका लागल्यासारखा अडायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टरखालून बाहेर आले. मी उंबऱ्यावर कुणाचा तरी टेप उघडून बसले होते, तो तसाच सोडून उठले. आणि रस्त्यावरून, जमिनीला पोट टेकवून, मागं काळ्या धुराचं शेपूट लावून, एक लालभडक, दोनच माणसांची गाडी आमच्या दारात येऊन थांबली. बॉनेट सपाट, दिव्यांचा पत्ता नाही. आतल्या माणसानं एक बटण दाबलं, तर पुढची दोन झाकणं टपकन उघडली आणि आतून दिवे वर आले. आई पिठाची चाळणी हातात घेऊनच बाहेर आली. "आगं बया, डोळं उघडतीया ही!" ती म्हणाली, आणि बटण परत दाबायला लावलं.

गाडी जुन्नरच्या सलीमभाईंची. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, मळ्यातल्या विहिरीवरचा पंप आण्णांनी बसवलेला, तेवढी ओळख. दहा वर्षं मस्कतला राहून ते परत आले आणि येताना ही जपानी गाडी बोटीतून घेऊन आले. आली तेव्हाच ती जुनी होती. स्टिअरिंग डावीकडं. आण्णांनी आत वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "ही बी तुझ्यावानीच डावरी हाय गं शारे." मी पक्की डावरी. ताटात डाव्या हातानं वाढते म्हणून आईची बोलणी रोज खायची, आणि पाना डाव्या हातानं फिरवते म्हणून आण्णांचे टोमणे.

सलीमभाई थकून गेले होते. गाडी पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, घाटात दम टाकते. पुण्यात दोन ठिकाणी दाखवली, दोघांनीही इंजिन उघडायला लागेल म्हणून सांगितलं. "आण्णा, राव, आता तुम्हीच बघा. रविवारी पुण्याचा एक माणूस येतोय, ही सुधरली नाही तर त्याला देऊन टाकतो. तो तिचे तुकडे करून विकणार, मला माहीत आहे." हे बोलताना त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला होता.

आण्णांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ही त्यांची तपासणी. गॅरेजात त्या वेळी कुणी बोलायचं नाही, आईसुद्धा आत भांडी वाजवायची थांबायची. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "इंजिन निरोगी हाय. फकस्त बिचाऱ्याला किती खावं त्ये कळंना." आजही मला वाटतं की पुढं मी पुस्तकात वाचलं ते सगळं आण्णांनी त्या एका वाक्यात सांगितलं होतं.

इथं माझं सांगायला हवं. मी नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवला होता आणि पिंपरीच्या मामानं एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. एक तारखेला हजर व्हायचं. मला जायचं नव्हतं. मला गॅरेजातच काम करायचं होतं, याच वासात, याच आवाजात. पण आण्णांचा प्रश्न बिनतोड होता: पंपात आणि ट्रॅक्टरात तुझ्या विद्येचं काय काम? त्याचं उत्तर आता गाडीच्या रूपानं दारात आलं होतं. सलीमभाईंनी मस्कतहून आणलेलं गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी हातात घेतलं आणि त्यांच्यादेखतच म्हटलं, "आण्णा, ही गाडी मी नीट केली तर?" आण्णांनी हात पुसले. मग म्हणाले, "तर ऱ्हा हितं. न्हाई जमली तर येक तारखेला मामाकडं. आन् जाताना तोंड वाकडं करायचं न्हाई."

त्या रात्री मला झोप म्हणून आली नाही. सकाळी पुस्तकात दाखवल्याप्रमाणं, बॉनेटखालच्या एका डबीतल्या दोन टोकांमध्ये केसातली पिन अडकवली आणि चावी फिरवली, तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. त्या उघडझापीचे आकडे मोजायचे आणि पुस्तकात बघायचं, गाडी स्वतःचं दुखणं स्वतःच सांगते. मी ओरडून मोजत होते आणि आई भिंतीवर कोळशानं रेघा मारत होती. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा उत्तर एकच आलं: ऑक्सिजन सेन्सर. एक नव्हे, दोन्ही. सहा सिलिंडरांचं इंजिन, तीन पुढं, तीन मागं, आणि दोन्हीकडच्या धुराच्या नळीत एकेक सेन्सर. मी आईला सांगितलं, "अगं, ही गाडीची नाकं आहेत. जळून गेलेल्या धुरात हवा किती उरली ते हुंगतात आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतात. पेट्रोल जास्त झालं की व्होल्ट वर, कमी झालं की खाली. नाकं मेली की कॉम्प्युटर आंधळेपणानं पेट्रोल ओततो." आई म्हणाली, "मंग सर्दी झाली म्हन की सरळ."

पुढचा सेन्सर काढायला एक अख्खा दिवस गेला. वर्षानुवर्षं तापून तो नळीत जणू रुजलाच होता. रात्रभर त्याच्या आट्यावर, म्हणजे स्क्रूसारख्या पेचावर, डिझेल ठिबकत ठेवलं, सकाळी इंजिन थोडं गरम केलं, जुनी वायर कापून बावीसचा रिंगपाना लावला, आणि मी पाय बंपरला रोवून सगळा जोर लावला. कर्र असा आवाज झाला तेव्हा मला वाटलं नळीच फुटली. पण सेन्सर फिरला होता. त्याचं टोक काळं असायला हवं होतं, ते पांढुरकं, राख फासल्यासारखं. आमच्या बाजूच्या पंपांवर बराच काळ शिशाचंच पेट्रोल मिळायचं, त्या शिशानं त्याचा जीव घेतला होता. तरी खात्री हवी म्हणून मी तो स्वयंपाकघरात नेला. आईनं भाकरीचा तवा बाजूला घेतला. पकडीत सेन्सर धरून त्याचं टोक गॅसच्या निळ्या ज्योतीत घातलं, मीटरची एक वायर त्याच्या शेपटीला, दुसरी अंगाला. चांगला असेल तर आकडा झटकन एका व्होल्टाजवळ जायला हवा. तो शून्यापाशी बसून राहिला. "गेलं हे," आईनं निकाल दिला आणि तवा परत ठेवला. मागचा सेन्सरही मग तसाच सोडवला, तोही मेलेलाच निघाला.

नवे आणायला मी आणि आण्णा पहिल्या यष्टीनं पुण्याला गेलो. सोबत आईनं दिलेली बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि फडक्यात गुंडाळलेला तो मेलेला सेन्सर. स्पेअर पार्टच्या गल्लीत चौथ्या दुकानात एका गृहस्थानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक जोडी वापरलेली, पण तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केलेली. एक जोडी तीन वायरींची, आत हीटर असलेली. आणि एक जोडी एकाच वायरीची, खोक्यातली, कोरी. "ताई, वापरलेली घ्या, जपानची ओरिजिनल आहेत. नाहीतर तीन वायरींची घ्या, जास्त वायरी म्हणजे जास्त चांगलं." मी म्हटलं, वापरलेली तपासून बघते. "कशी तपासणार?" तो हसला. शेजारी चहाची टपरी होती. मी पिशवीतून मीटर काढला आणि चहावाल्याला म्हटलं, "काका, पातेलं जरा बाजूला घेता?" बघता बघता दहा-बारा माणसं जमली. वापरलेला सेन्सर ज्योतीत धरला तर आकडा रखडत रखडत अर्ध्यावर आला आणि थांबला. दुकानदाराचं हसू गेलं. मग कोरा धरला. आकडा ज्योत लागल्यावर थोड्याच वेळात सरळ वर, बाहेर काढला की खाली, आत की वर, बाहेर की खाली! चहावाला म्हणाला, "अजून एकदा करा ना." तीन वायरींच्यानं मात्र मला मोह घातला होता. पण त्याचं नाक लांब होतं, त्याच्यासाठी नव्या वायरी ओढाव्या लागल्या असत्या, आणि पुस्तक स्पष्ट सांगत होतं की या गाडीला एकच वायर. मी आण्णांकडं पाहिलं. त्यांनी फडक्यातला जुना सेन्सर काढला, कोऱ्याच्या अंगाला अंग लावून उजेडात धरला, दातात दात बसतात का ते पाहिलं आणि म्हणाले, "आटा त्योच हाय. घे." येताना यष्टीत ती दोन्ही खोकी मी मांडीवर घेऊन बसले, आणि राजगुरुनगर येईपर्यंत चारदा उघडून पाहिली.

रविवार उजाडला. पुण्याचा माणूस दुपारी येणार होता. नवा सेन्सर वायरीसकट घट्ट करायचा म्हणजे रिंगपान्याला खाच हवी, वायर आत जायला. आण्णांचा बावीसचा पाना त्यांच्या उस्तादांनी दिलेला होता, त्याला ते घराबाहेरच्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी तो व्हाइसच्या जबड्यात आवळला, करवत घेतली आणि त्याची कड कापून काढली. मी "अहो, आण्णा—" म्हणेपर्यंत खाच पडली होती. "वायर जाईल का बघ यातनं," एवढंच म्हणाले. पुढचा सेन्सर मी पुस्तकातलं वाक्य न् वाक्य मोठ्यानं म्हणत बसवला: टोकाला हात लावायचा नाही, तेल लागू द्यायचं नाही, आट्याला कारखान्यातून लावून आलेली काळी पेस्ट पुरे, दुसरं काही लावायचं नाही. आण्णा प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे हात बांधून ऐकत होते. मग एक शेतकरी पंपाचा वॉल्व्ह घेऊन आला आणि ते बाहेर गेले.

त्याच वेळी सलीमभाई आले. त्यांना बघून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगायला लागले. व्होल्ट, ज्योत, टपरी, दुकानदाराचं पडलेलं तोंड. दुसरा सेन्सर हातात, तोंड चालू, आणि हातही चालू. आमच्या गॅरेजात भिंतीवर एका खिळ्याला सुतळीचा गुंडा टांगलेला असे आणि त्याच्याखाली सफेद्याचा डबा. पंपाचा कुठलाही पाइप जोडायचा तर आट्याला सुतळी गुंडाळायची, वर तो पांढरा सफेदा फासायचा आणि आवळायचं, पाण्याचा थेंब गळत नाही. मी बाराखडीच्या आधी सुतळी गुंडाळायला शिकले होते. आमच्या घरात कुणी कोरडा आटा कधी आवळलाच नाही. सलीमभाई ऐकता ऐकता मीटर उलटसुलट करून बघत होते, आणि बोलता बोलता माझ्या डाव्या हातानं खिळ्यावरची सुतळी ओढली, नव्या सेन्सरच्या आट्याला गुंडाळली, बोटानं सफेदा फासला, आणि मी इंजिनाच्या पाठीमागच्या अडचणीत खांद्यापर्यंत हात घालून तो बसवून टाकला. शेवटचे फेरे जड गेले. मला वाटलं, जागाच अवघड आहे.

गाडी सुरू केली. पुढच्या सेन्सरवर मीटर लावला तर आकडा वर-खाली, वर-खाली, जिवंत. मागच्यावर लावला तर शून्य. तापू द्या म्हटलं, तापू दिलं. शून्य. काळा धूर होता तसाच. सलीमभाईंनी घड्याळ पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. एक तारीख, मामाचं घर, कारखान्याचा भोंगा, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. "दुकानदारानं फसवलं!" मी ओरडले. आई दारातून म्हणाली, "आगं पर मपल्या गॅसवर त्यो नाचला व्हता की काल!" ते खरं होतं, दोन्ही मी घरी परत तपासले होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मीटरवरचा आकडा दिसेना.

आण्णा बाहेरून आत आले आणि दारातच थांबले. नाक वर करून त्यांनी हुंगलं. "सुतळी जळतीया," ते म्हणाले. आयुष्यभर जुने पाइप तापवून सोडवलेल्या माणसाला तो वास कळणारच. त्यांनी गाडी बंद करायला लावली, हाताला फडकं गुंडाळलं, खाच पाडलेला पाना घातला आणि मागचा सेन्सर बाहेर काढला. आट्याभोवती अर्धवट जळलेली सुतळी, मधेमधे पांढरा सफेदा. ते बघताक्षणी मला माझा हात आठवला, खिळा आठवला, सगळं आठवलं. एकाच वायरीचा सेन्सर म्हणजे विजेची परतीची वाट त्याच्या अंगातूनच, आट्याच्या लोखंडातून. मी ती वाट सुतळीनं बंद केली होती. वर सफेदा म्हणजे पुन्हा शिसंच, ज्यानं जुना सेन्सर मारला तेच.

"हे काय आहे? कुणी लावलं हे?" सलीमभाईंनी विचारलं.

आण्णांनी सुतळी न्याहाळली, क्षणभरच, आणि मुठीत मिटली. "मी," ते म्हणाले. "सकाळी आटा कोरडा दिसला, हात ग्येला. सवय."

"आण्णा, तुम्ही पण ना, राव! पोरीनं एवढं वाचून केलं आणि तुम्ही..."

"चुकलंच. आता वय झालं," आण्णा म्हणाले, आणि मी उभीच राहिले. मी त्यांना बोलू दिलं. या गोष्टीची लाज मला इतक्या वर्षांनी, हे लिहितानाही वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मग मात्र कुणी वेळ घालवला नाही. आटा तारेच्या ब्रशनं चमकेपर्यंत घासला, टोकाला काही लागलं नव्हतं हे नशीब. परत आईचा गॅस, परत ज्योत, आणि आकडा पुन्हा नाचला, तशी आईनंच "हाय, जित्ता हाय!" म्हणून आरोळी ठोकली. या वेळी कोरडा बसवला, शेवटपर्यंत बसला. चावी फिरवली. थोडा वेळ धूर आला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला, आणि इंजिनाचा ठसका जाऊन तो पहिल्या दिवशीचा गोड आवाज एकसारखा वाहायला लागला. पिवळा दिवा विझला. सलीमभाईंनी खिशातून नवाकोरा मोबाइल काढला, रेंजसाठी रस्त्याच्या पार पलीकडं जाऊन पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं, परत आले आणि चावी माझ्या हातावर ठेवली. "घाटापर्यंत नेऊन आण. आण्णांना घेऊन जा, मी इथं चहा पितो."

मी ट्रॅक्टर चालवलेला, जीप चालवलेली, पण हे काहीतरी वेगळंच होतं. पाय नुसता टेकवला की गाडी पुढं झेपावायची. आण्णा उजवीकडच्या सीटवर, म्हणजे आपल्याकडं ड्रायव्हर बसतो तिथं, गुडघे छातीशी घेऊन, एका हातानं टोपी धरून बसले होते. समोरून येणारी माणसं बघत होती की आण्णांच्या पुढ्यात स्टिअरिंगच नाही आणि गाडी आपोआप चाललीय. एका सायकलवाल्यानं तर सायकल सोडून कपाळाला हात लावला. आम्ही दोघंही खदखदून हसलो. घाट लागला, मी गिअर टाकला, आणि ज्या चढावर ती दम टाकायची तो चढ ती गाणं म्हणत चढली.

वर मोकळ्या जागेत मी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. आण्णा मान तिरकी करून ऐकत होते. मी म्हटलं, "आण्णा, ती सुतळी माझ्या हातची होती."

"मंग? डावरी गुंडाळी वळखायला मला काय मीटर लागतोय व्हय?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"उलट्या अंगानं गुंडाळलेली दिसली की. आमच्या घरात दुसरं कोन हाय तसं करनारं?" त्यांनी खिशात हात घालून मूठ बाहेर काढली आणि उघडली. ती जळकी सुतळी त्यांनी अजून जपून ठेवली होती. "पयल्याच गाडीला गिऱ्हाइकाम्होरं तुझं नाव खराब झालं, तर परत कुनी गाडी देईल का तुला? माझं काय, माझ्या नावावर लई सुतळ्या हायती." मग खिडकीबाहेर बघत, जरा हळू आवाजात म्हणाले, "आन् मला बी तुला येक तारखेला धाडायची न्हवती."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, खाली गेल्यावर सलीमभाईंना खरं सांगते. "सांग की," आण्णा म्हणाले, "पर आदी त्यांची दुसरी गाडी तर येऊ दे." (ती सहा महिन्यांनी आली, आणि मी सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून आण्णांना तिथंच नमस्कार केला.) मग आण्णांनी काच खाली केली, सुतळी बाहेर टाकली आणि म्हणाले, "उद्या त्यो खिळा पंपाकडल्या भिंतीवर ठोक. गाड्यांकडं सुतळी नगं."

मी बटण दाबलं. दिवसाढवळ्या दोन्ही दिवे टपकन वर आले. उतार मोकळा होता, पार खालपर्यंत एकही ट्रक नव्हता, आणि मी पाय टेकवला. वाऱ्यानं आण्णांची टोपी उडायला लागली. त्यांनी ती काढून मांडीखाली दाबली, दोन्ही हात समोर टेकवले, आणि सगळ्या पेठमध्ये दरारा असलेला माझा बाप पाळण्यात बसलेल्या पोरासारखा ओरडला, "आनखी शारे, आनखी!"